सर टॉमस मोर याच्या चरित्राचीं अस्सल साधनें

मोगल, मराठे व फिरंगी ह्यांच्या दप्तरांत रमणाऱ्या वाचकांपुढें सोळाव्या शतकांतील एका इंग्रज पंडिताचें प्रकरण मांडावयाचें, तर त्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें रॉबर्ट बोल्ट याचें टॉमस मोरवरील १९६० सालचें नाटक वाचलें आणि आम्हांस पत्र घालून विचारलें, "गुरुजी, ह्यांत रिचर्ड रिच नांवाचा इसम खोटी साक्ष देतो व त्यामुळें मोरचा शिरच्छेद होतो. हें अस्सल कागदांत आहे, कीं नाटककाराच्या पदरचें?" आम्हीं लगोलग एक कार्ड टाकलें, कीं रोपरच्या चरित्रांत तसें स्पष्ट लिहिलें आहे, तेव्हां शंकेस जागा नाहीं. कार्ड पेटींत पडलें, आणि मग मात्र मनास टोंचणी लागली. छत्तीस वर्षें वर्गांत संस्कृत शिकवितांना 'टीका म्हणजे मूळ नव्हे' असें मुलांस बजावीत आलों, आणि स्वतःवर वेळ येतांच टीकेलाच मूळ ठरवून मोकळे झालों! तें कार्ड दुरुस्त करण्याच्या निमित्तानें जो शोध केला, तो येथें देत आहों.

मोर हा विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळांतील मोठा लॅटिन पंडित, 'युटोपिया' ह्या ग्रंथाचा कर्ता, आठव्या हेन्रीचा चॅन्सेलर. राजा हा इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य होय, असें शपथेवर कबूल करण्यास तो तयार झाला नाहीं, म्हणून ६ जुलै १५३५ रोजीं त्याचें मस्तक उडविण्यांत आलें. पुढें १८८६ सालीं पोप तेरावा लिओ ह्यानें त्यास 'धन्य' पदवी दिली, व १९३५ सालीं अकराव्या पायसनें संतपद दिलें. (नांवास मराठी विभक्ति लावतांना पक्ष्याचा भास होऊं नये म्हणून आम्ही 'मोरचा, मोरनें' असेंच लिहिणार आहों. नांवावर कोटी करण्याचा मोह त्याच्या मित्रासही आवरला नव्हता. एरास्मसनें आपल्या 'मूर्खतास्तुति' ह्या ग्रंथाचें लॅटिन नांव मोरच्या नांवावरील श्लेष साधूनच ठेविलें आहे.)

मोरविषयीं ज्या हृद्य गोष्टी सर्वतोमुखीं आहेत, त्यांतील बहुतेकांचा उगम त्याचा जांवई विल्यम रोपर ह्याच्या लहानशा चरित्रांत आहे. रोपर हा मोरच्या घरीं सोळा वर्षांहून अधिक काळ राहिलेला, मोरची लाडकी कन्या मार्गारेट हिचा नवरा. ह्याहून जवळचा साक्षी कोठून आणावयाचा? परंतु त्यानें हें लिहिलें तें १५५५ च्या सुमारास, म्हणजे सासऱ्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं. मार्गारेट १५४४ मध्येंच वारली होती. पुष्कळ गोष्टी आपल्या स्मरणांतून गेल्या, असें तो स्वतःच सांगतो. शिवाय तो लिहीत होता तें दुसऱ्यास सामग्री पुरविण्यासाठीं. निकोलस हार्प्सफील्ड नांवाच्या धर्माधिकाऱ्याकडून मोठें चरित्र लिहवून घ्यावयाचें होतें, त्याकरितां केलेलें हें टिपण. छापलें गेलें तें १६२६ मध्यें. तोंवर नकलांवर नकला झाल्या. १९३५ सालीं हिचकॉक ह्या विदुषींनीं शोधित आवृत्ति काढली, तेव्हां तेरा हस्तलिखितें ताडून पाहावीं लागलीं. आपल्याकडील भाषेंत बोलावयाचें तर रोपर ही उत्तम बखर आहे. घरच्या माणसानें लिहिलेली, प्रामाणिक, रसाळ, पण बखरच.

हार्प्सफील्डचें चरित्र तर १९३२ पर्यंत छापलेंच गेलें नव्हतें. त्याच्या केंब्रिज येथील इमॅन्युएल कॉलेजांतील हस्तलिखितावर एक नोंद आहे, ती संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत कॅथॉलिकांचा पिच्छा पुरविणारा टॉप्क्लिफ नांवाचा अंमलदार होता. १३ एप्रिल १५८२ रोजीं मोरच्या नातवास पकडतांना त्याच्या अभ्यासिकेंत हें पुस्तक आपणांस सांपडलें, असें त्या नोंदींत आहे. जें पुस्तक बाळगणें धोक्याचें, त्याची सांभाळणूक जप्ती करणाऱ्याच्या हातून व्हावी, हा योग दप्तरें धुंडाळणाऱ्यांस अपरिचित नाहीं.

तिसरा चरित्रकार टॉमस स्टेपलटन. मोर मारला गेला त्याच महिन्यांत हा जन्मला, म्हणून कित्येक त्यास उपेक्षितात. तें चूक आहे. मोरचा चिटणीस जॉन हॅरिस ह्याची विधवा डॉरथी देशत्याग करून राहिली होती. तिच्याजवळील मोरचीं पत्रें स्टेपलटननें पाहिलीं, आणि १५८८ सालीं डुए येथें छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत उतरून घेतलीं. त्या मुळांपैकीं बहुतेक आज नाहींत. म्हणजे कालानें दूरचा हा लेखक कित्येक ठिकाणीं रोपरपेक्षां कागदास अधिक जवळ आहे. ग्रंथ केव्हां लिहिला ह्याबरोबरच लिहितांना लेखकाच्या पुढ्यांत काय होतें, हेंही विचारलें पाहिजे.

आतां खुद्द घरच्या कागदाकडे वळूं. मोरचा जन्म केव्हां झाला, ह्याची समकालीन नोंद एका अनपेक्षित जागीं मिळाली. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत जेफ्री ऑफ मॉन्मथ ह्याच्या ब्रिटनच्या राजांवरील इतिहासाचें एक हस्तलिखित आहे. त्याच्या शेवटच्या पानांवर मोरचा बाप जॉन मोर ह्याचें लग्न व सहा मुलांचे जन्म ह्यांच्या लॅटिन नोंदी आहेत. विल्यम ऑल्डिस राइट ह्यांनीं त्या १८६८ सालीं प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे पोथीच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मवेळा टिपण्याची चाल आहे, तीच ही. ह्या नोंदींनीं पहिलें काम केलें तें असें, कीं मोरच्या आईचें नांव निश्चित केलें. पणतू क्रेसेकर मोर ह्यानें सतराव्या शतकांत लिहिलेल्या चरित्रांत तिचें माहेरचें नांव हँडकोंब असें दिलें होतें. बापाच्या टिपणांत अ‍ॅग्नेस ग्रेंजर असें आहे. पणतूपेक्षां नवऱ्यास बायकोचें नांव अधिक ठाऊक असणार, हें उघड आहे.

परंतु पुत्राच्या जन्मतिथीपाशीं हाच बाप आपणांस घोटाळ्यांत टाकतो. नोंदींत तीन खुणा आहेत. वर्ष, एडवर्ड चौथा ह्याचें सतरावें राज्यवर्ष. वार, मेरीच्या शुद्धीच्या सणानंतरचा (२ फेब्रुवारी नंतरचा) शुक्रवार. आणि तारीख, ७ फेब्रुवारी. वेळ पहांटेची, दोन व तीन ह्यांच्या दरम्यान. एडवर्डचें राज्य ४ मार्च १४६१ पासून मोजतात, म्हणून सतरावें वर्ष मार्च १४७७ ते मार्च १४७८ असें पडतें; त्यांतील फेब्रुवारी १४७८ चा. पण १४७८ सालीं ७ फेब्रुवारीस शनिवार होता! शुक्रवारीं ७ तारीख येते ती १४७७ सालीं, आणि तें तर सोळावें राज्यवर्ष. म्हणजे वार खरा धरला तर तारीख किंवा वर्ष जातें, आणि वर्ष खरें धरलें तर वार किंवा तारीख जाते. ज्यांनीं राज्याभिषेक शक, फसली व हिजरी ह्यांचा मेळ घालण्यांत रात्री घालविल्या आहेत, त्यांस ह्या कोड्याची गोडी निराळी सांगावयास नको.

आमचें मत १४७८ कडे झुकतें. तें कां, तेवढें सांगतों. राज्यवर्ष हें कायद्याच्या कागदांत रोज लिहावें लागे, व जॉन मोर हा कायद्याच्या धंद्यांतला माणूस. चालू वर्ष चुकण्यापेक्षां तारखेचा आंकडा एका दिवसानें चुकणें त्याच्या हातून अधिक संभवतें. मुलाचा जन्म पहांटेच्या अंधारांत झाला, हेंही ध्यानांत घ्यावें. तथापि १४७७ चा पक्ष घेणारे विद्वान आहेत, आणि त्यांस निरुत्तर करील असा पुरावा नाहीं. होल्बाइन ह्यानें १५२७ च्या सुमारास मोरच्या कुटुंबाचें रेखाचित्र काढलें, तें बाझेल येथें आहे. मूळ रंगीत चित्र १७५२ च्या आगींत नष्ट झालें. त्या रेखाचित्रावर निकोलस क्राट्झर ह्या ज्योतिषानें प्रत्येकाचें वय लिहिलें आहे, आणि मोरच्या आकृतीवर पन्नासचा आंकडा आहे. पण पन्नास पुरीं कीं पन्नासावें चालू, हें न कळल्यामुळें तोही साक्षी दोहों पक्षांस सारखाच उपयोगी पडतो! अगदीं जवळचा, निःस्वार्थ, समकालीन कागदही चुकूं शकतो, हें ह्यावरून कळतें. खटल्याच्या कागदांकडे जातांना तें आपल्या उपयोगी पडेल.

पत्रव्यवहाराचें काम त्या मानानें सोपें आहे. एलिझाबेथ रॉजर्स ह्यांनीं १९४७ सालीं प्रिन्स्टन येथून मोरचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, पण एरास्मसशीं झालेल्या पत्रांची त्यांत नुसती यादी आहे. तीं मुळांतून पाहावयाचीं तर पर्सी अ‍ॅलन ह्यांचे १९०६ पासून निघालेले एरास्मसच्या पत्रांचे खंड काढले पाहिजेत. त्यांतील ९९९ व्या क्रमांकाचें, २३ जुलै १५१९ चें हुटेन ह्यास लिहिलेलें पत्र म्हणजे मोरचें पहिलें शब्दचित्र. मोरचा चेहरा, चालणें, खाणें, विनोद, घरचीं माकडें व पक्षी, सर्व त्यांत आहे. मात्र तें खाजगी पत्र समजूं नये. एरास्मसनें तें त्याच वर्षीं छापून काढलें. छापण्यासाठीं लिहिलेल्या पत्रांत मित्राची बाजू कशी मांडली जाते, हें प्रत्येक वाचक जाणतोच.

बंदिवासांतील पत्रें मुख्यतः १५५७ च्या इंग्रजी ग्रंथसंग्रहामुळें आपणांस लाभलीं. तो संग्रह मोरचा भाचा विल्यम रॅस्टेल ह्यानें मेरी राणीच्या कारकीर्दींत काढला व तिलाच अर्पण केला. त्यांत मार्गारेटच्या नांवें एक लांब पत्र आहे. बहिणीस लिहिलेलें, बापाशीं झालेला संवाद सांगणारें. तें मुलीनें लिहिलें कीं बापानें, कीं दोघांनीं मिळून, ह्याविषयीं तेव्हांपासून संशय आहे. आम्हांस त्याचा निकाल लागेलसें वाटत नाहीं, व लागला नाहीं म्हणून पत्राची किंमतही कमी होत नाहीं.

मोर संत झाला, ह्याचा साधनांवर दुहेरी परिणाम झाला आहे. एका बाजूस भक्तांनीं लिहिलेलीं चरित्रें. दुसऱ्या बाजूस जॉन फॉक्स ह्या प्रॉटेस्टंट ग्रंथकाराचा १५६३ चा हुतात्म्यांचा इतिहास, ज्यांत मोर आपल्या चेल्सीच्या बागेंत पाखंड्यांस बांधून फटके मारीत असे असें लिहिलें आहे. ह्या आरोपास मोरचें स्वतःचें उत्तर १५३३ च्या त्याच्या 'अपॉलॉजी' ह्या ग्रंथांत आधींच आलेलें आहे. घरांतील एक मुलगा व देवळांत स्त्रियांची खोडी काढणारा एक वेडसर मनुष्य, एवढ्या दोघांसच आपण फटके देवविले, असें तो म्हणतो. हें आरोपीचें निवेदन आहे, म्हणून एकट्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. पण फॉक्स वाचून तें न वाचणें हा तर अन्यायच होय. पाखंड्यांस जाळण्याच्या शिक्षेचें मोर आपल्या ग्रंथांतून उघड समर्थन करतो, हेंही त्याच्या भक्तांनीं लपवूं नये.

परंतु भक्तीनें केवळ झांकलेंच, असें मात्र नाहीं. टॉवरमध्यें असतां मोरनें ख्रिस्ताच्या अंतकाळच्या व्यथेवर लॅटिनमध्यें एक ग्रंथ लिहिला. त्याच्या हातची मूळ प्रत, खाडाखोडीसुद्धां, स्पेनमध्यें व्हॅलेन्सिया येथील कॉर्पुस क्रिस्ती कॉलेजांत आहे. पाचव्या चार्ल्सचा धर्मगुरु पेद्रो दे सोतो, त्याजकडून ओरोपेसाचा काउंट, त्याजकडून आर्चबिशप हुआन दे रिबेरा, असा तिचा प्रवास. ही वस्तु ग्रंथ म्हणून नव्हे, हुतात्म्याचा अवशेष म्हणून जपली गेली. म्हणूनच टिकली, आणि म्हणूनच विद्वानांच्या नजरेस पडली नाहीं. जेफ्री बुलो ह्यांनीं १९६३ सालीं ती ओळखली, व १९७६ सालीं येलच्या ग्रंथमालेंत छायाचित्रांसह ती छापली गेली. देव्हाऱ्यांतील फडक्यांत गुंडाळलेली पोथी मागण्यास संकोच करणाऱ्या संशोधकांनीं हें उदाहरण मालकांस अवश्य सांगावें. मोरचें प्रार्थनापुस्तकही, ज्याच्या समासांत त्यानें बंदिवासांत स्वतःची प्रार्थना लिहिली, येल विद्यापीठांत आहे.

येलची ती ग्रंथमाला १९६३ ते १९९७ पर्यंत पंधरा खंडांत पुरी झाली. मोरच्या ग्रंथांसाठीं प्रथम तीच पाहावी. सरकारी कागदांसाठीं आठव्या हेन्रीच्या काळच्या पत्रांची व कागदांची मोठी सारांश-सूची आहे, तिचे एकवीस मुख्य खंड १८६२ ते १९१० पर्यंत निघाले. ही सूची आतां संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या वाचावयास मिळते, आणि तोच तिचा धोका होय. ती सारांश आहे. सारांश करणाऱ्यानें जें गाळलें, तेंच कधीं कधीं आपणांस हवें असतें. सूचींतील मजकूर अवतरणचिन्हांत घालून 'अस्सल कागद' म्हणून देणारे लेख आम्हीं पाहिले आहेत. सूचीवरून कागदाचा क्रमांक घ्यावा, आणि कागद लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांतून मागवावा.

असो. आतां विद्यार्थ्याचा प्रश्न. १२ जून १५३५ रोजीं सॉलिसिटर-जनरल रिच हा टॉवरमध्यें मोरचीं पुस्तकें जप्त करण्यास गेला. बरोबर साउथवेल व पामर असे दोघे होते. त्या वेळीं रिच व मोर ह्यांच्यांत कायद्याच्या कल्पित उदाहरणांवर बोलणें झालें, आणि त्यांत मोरनें राजाचें धर्मप्रमुखपद नाकारलें, असा आरोप पुढें ठेवण्यांत आला. खटला १ जुलैस चालला. ह्याविषयीं चार प्रकारचे कागद आहेत.

पहिलें आरोपपत्र. तें राजाच्या न्यायासनाच्या गुप्त दप्तरांत राहिलें व आज क्यू येथें आहे. त्यांत १२ जूनचा संवाद मोरच्या दोषी शब्दांसह दिला आहे. दुसरा, त्याच संवादाचें एक वेगळें टिपण, रिचच्या निवेदनावरून केलेलें असें मानतात; तें फाटलेलें व डागाळलेलें असून नेमक्या जागीं अक्षरें गेलीं आहेत. त्याचा आरोपपत्राशीं मेळ बसतो असें कांहीं म्हणतात, बसत नाहीं असें कांहीं म्हणतात. तिसरें, १५३५ सालींच पॅरिसमध्यें पसरलेलें फ्रेंच बातमीपत्र व त्याच्याशीं जवळचें लॅटिन वृत्त. खटल्याच्या वर्णनांत हें सर्वांत आधींचें, आणि त्यांत रिचच्या साक्षीचें नांवही नाहीं. चौथा रोपर. रिचनें शपथेवर सांगितलें, मोरनें तें खोटें म्हणून त्याच्या तोंडावर फेटाळलें, आणि साउथवेल व पामर ह्यांनीं आपण पुस्तकें बांधण्याच्या कामांत होतों, बोलणें ऐकलें नाहीं असें सांगितलें, ही सर्व हकीकत एकट्या रोपरच्या आधारावर उभी आहे. पुढील चरित्रकार तीच उचलतात. त्यांस वेगळे साक्षी मोजूं नये.

रोपर खटल्यास हजर नव्हता. पण तो हें लपवीत नाहीं. सर अँटनी सेंट लेजर, रिचर्ड हेवुड व जॉन वेब ह्यांच्याकडून आपणांस कळलें, असें तो नांवें घेऊन सांगतो. सेंट लेजर त्या वेळीं हयात होता. रिच तर लॉर्ड होऊन १५६७ पर्यंत जगला, व साउथवेलही जिवंत होता. ज्यांस विचारतां येईल अशा माणसांचीं नांवें घालून बनावट करणें कठीण, हा रोपरच्या बाजूचा मुद्दा. परंतु टिपण छापावयाचें नव्हतें, घराबाहेर फारसें जावयाचें नव्हतें, हा उलट मुद्दा. बातमीपत्राच्या मौनावरही फार भर देतां येत नाहीं, कारण परदेशांत गेलेल्या वृत्तांत कायद्याचा बारकावा गळणें स्वाभाविक आहे.

तेव्हां आमच्या मतें असें ठरतें. १२ जूनचा संवाद झाला, हें निश्चित. त्याचे दोषी शब्द आरोपांत घालण्यांत आले, हेंही निश्चित. मोरनें ते शब्द नाकारले, ही गोष्ट रोपरच्या चांगल्या पण ऐकीव पुराव्यावर संभाव्य. रिच खोटें बोलला, कीं कायद्याच्या कल्पित उदाहरणास त्यानें मोरचें मत म्हणून पुढें केलें, हें उपलब्ध कागदांवरून ठरत नाहीं; आणि ह्या दोहोंत मोठें अंतर आहे. मनुष्य मेला त्यास साडेचारशें वर्षें होऊन गेलीं, म्हणून त्यास खोट्या शपथेचा गुन्हेगार म्हणण्यास पुरावा कमी लागतो असें नाहीं. मोरवरील आदर आमच्या ठायीं तसूभरही कमी नाहीं, पण त्याच्या आदरासाठीं रिचवर निकाल देण्याचा अधिकार आम्हांस पोहोंचत नाहीं.

ह्याप्रमाणें दुसरें कार्ड लिहिलें. तें एका कार्डांत मावेना, म्हणून पाकीट केलें. पहिलें कार्ड परत पाठविण्याविषयीं विद्यार्थ्यास विनंति केली होती. त्यानें उत्तर पाठविलें आहे, कीं दोन्ही मतें अस्सल असल्यामुळें तो तीं तारखांसह एकत्र ठेवणार आहे.